आतल्या खोलीचा धूप

धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर गुग्गुळाची चिमूट टाकून अंजना आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी आली आणि तिथेच थबकली. डबे जागेवरच होते.

लग्नानंतरच्या पाच महिन्यांत असं झालं नव्हतं. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून ती उठायची, आधी स्वयंपाकघरात धूप फिरवायची, मग बाहेरच्या खोलीत. आणि ती इथवर पोचायच्या आत सुदर्शनने मांडणीवरचे सगळे डबे एकेक करून मागच्या पडवीत नेऊन ठेवलेले असायचे. तिला मोकळी खोली मिळायची. धूर जिरला की तोच ते परत आणून लावायचा. ऊस पार पडवीला टेकलेला, अंधार पडल्यावर बिबट्याच्या भीतीने कोणी तिकडे फिरकत नसे. हा मात्र बॅटरी दातात धरून दोन्ही हातांनी डबे आत आणायचा. त्याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते.

आज तो खाटेवर पडून होता. डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, पायाखाली दोन उशा. शेततळं खणून झाल्यावर जेसीबीवरून उतरताना पायरीच्या चिखलावरून पाय निसटला आणि नडगी मोडली. दुपारीच त्याला नारायणगावच्या दवाखान्यातून घरी आणलं होतं. पाय खाली सोडायचा नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं.

"ये की. थांबलीस का?" तो म्हणाला.

"डबे..."

"ऱ्हाऊ दे आता."

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि आत पाऊल टाकलं. भिंतीकडेने, खाटेवरून, त्याच्या डोक्यावरून धूप फिरवला. मग मांडणी आली. फरसाणाच्या बरण्या, केकचे पारदर्शक डबे, माशांसाठीची एक जुनी काचेची पेटी. एकात शेकडो पायांची वाणी वेटोळं करून पडलेली, एकात वीतभर गोम, दोहोंत काळ्या इंगळ्या. बाकीच्यांत ते केसाळ कोळी, तळहाताएवढे. झाकणांना सुईने पाडलेली बारीक भोकं. तिने डोळे मिटले आणि धुपाटणं तिथूनही फिरवलं. थोडी राख फरशीवर सांडली.

"खिडकी जरा उघडी ठिवतीस का?"

"धूर जिरस्तवर उघडत न्हाई," ती हळूच म्हणाली. "आन गारठा बी हाय."

ती वळली तेव्हा तो म्हणाला, "येक टावेल वला करून दे. कपाळाला."

तिने टॉवेल पिळून आणून दिला आणि दार ओढून घेतलं.

*

लग्नाची बोलणी ठमाबाईच्या ओट्यावर झाली होती. ठमाबाई म्हणजे सुदर्शनची थोरली बहीण, शेजारच्याच मळ्यात दिलेली. तिनेच हे स्थळ जुळवलं. मुलगा पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा, मशीन चालवून चार पैसे राखून असलेला. बाई विधवा, चाळिशी ओलांडलेली, डिंभ्याला भावाच्या घरी. बोलण्यासारखं दोन्हीकडे फारसं काही नव्हतं. चहा झाल्यावर अंजनानेच मान वर केली.

"माझं एकच म्हणणं हाय. माझ्या देवाच्या आड कोणी यायचं न्हाई. तिन्हीसांजेचा धूप घरातल्या हरएक खोलीत फिरला पायजे."

सुदर्शनने मान हलवली. "माझं बी एकच. डब्यांना हात लावायचा न्हाई. कोणीच."

"डब्यात काय, सोनं हाय का पावणं?" तिचा भाऊ भगवंत हसत म्हणाला.

"हाय की. केसाळ सोनं," ठमाबाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

किडे पाळतो, एवढंच अंजनाच्या कानावर आलं होतं. मधमाश्या असतील, असं ती आपली धरून चालली.

घरात आली त्या संध्याकाळी ती धूप घेऊन आतल्या खोलीकडे निघाली तेव्हा सुदर्शन दारात आडवा आला होता. धुपाटण्याकडे बघत त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याच्याआधी तीच बोलली. पहिल्या यजमानांच्या वेळी एकदाच चुकलं होतं, तिने सांगितलं. बेल्ह्याच्या बाजारात गाय घ्यायला गेले होते, परतायला उशीर झाला. दिवा लागला, पण ते झोपायचे त्या खोलीत धूप न्यायचा राहिला. सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. तिने ऐकून घेतलं. त्या दिवसापासून एकही सांज अशी गेली नव्हती की माणूस जिथे झोपतं तिथे धूप गेला नाही; भावाच्या घरी ती भाच्यांच्या खाटांवरूनही फिरवायची.

सुदर्शनने सगळं ऐकलं. मग बाजूला झाला. "जरा थांब," एवढंच म्हणाला आणि डबे उचलून पडवीत नेऊ लागला.

देवाचा मान राखतो, असं तिला वाटलं. ओंगळ जिवांवरून देवाचा धूर जायला नको म्हणून काढतो. त्या माणसाबद्दल जी थोडी माया तिच्या मनात उपजली, ती तेवढ्यावरच.

बाकी सगळं अवघड होतं. बाहेरच्या खोलीवर पत्रा होता. दिवसा तापायचा, रात्री गार पडायचा, म्हणून डबे तिथे ठेवता येत नव्हते. पडवीत मुंग्या. तिने स्वतः बाहेर झोपावं तर नव्या बायकोचं अंथरूण वेगळं पडलं हे ठमाबाईने बाजारभर केलं असतं. मग ती दाराजवळ खाली अंथरूण टाकायची. ती आणि मांडणी यांच्यामध्ये त्याची खाट, एवढाच आधार. दिवे मालवले की इंगळी प्लास्टिकवर नख ओढल्यासारखा आवाज करायची. एखाद्या बरणीत माती हलायची. ती पांघरूण डोक्यावर घेऊन नाम घेत पडायची आणि पहाटे डोळे चुरचुरत उठायची. डिंभ्याहून आणलेली साड्यांची पिशवी तिने अजून रिकामी केली नव्हती. धुतलेली साडी घडी करून पुन्हा पिशवीतच ठेवायची.

एकदा तिने धीर करून विचारलं होतं. "ह्ये कशापायी?"

"मी मुद्दाम धरून आणत न्हाई," तो म्हणाला होता. "मशीनच्या बकेटखाली ज्याचं बीळ मोडलं, त्येला आणतो. घर आपुन मोडायचं आन वर चपलेनं चिरडायचं, बरं दिसत न्हाई."

तिला यातलं काही पटलं नव्हतं. पण त्याने ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की पुढे बोलण्यासारखं उरलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी ठमाबाई आली. आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने भावाला पाहिलं.

"कसा हाय आमचा कोळ्यांचा बाप?"

"आत ये की आक्के. कोण खात न्हाई तुला."

"खायला माझ्यात काय ऱ्हायलंय? तुमीच समद्यांनी खाल्लं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. अंजनाने तिला चहा दिला. ठमाबाईने आवाज खाली घेतला.

"अंजे, आशी येळ पुन्ना याची न्हाई. त्यो काय आता उठून येतोय? एकेक डबा उचल आन दे उसात भिरकावून."

"हात लावायचा न्हाई आसं ठरलंय, वन्सं."

"आगं, ठरल्यालं सरकार बी पाळत न्हाई. मी मागं येकदा रॉकेल वतलं व्हतं एका डब्यात. लई दिस माझ्या हातचं जेवला न्हाई. पर मी पडली बहीण. बायकूवर किती दिस रुसंल?"

अंजना भांडी घासत राहिली.

"तुझी झोप बघ की जरा. डोळं बघ, कसं खोल गेल्यात. लोकं मला इचारत्यात, भावजयीला खायला घालता का न्हाई."

"लोकांना सांगा, उपास आसत्यात तिचे."

ठमाबाई हसली. जाताना पुन्हा उंबऱ्याशी थांबून तिने भावाकडे पाहिलं, आणि पदराने डोळे पुसले. ते त्याला दिसू नये म्हणून घाईने निघून गेली.

त्याच दुपारी भगवंतचा फोन आला.

"ताई, झोप लागती का?"

"लागती."

"एकादशी तोंडावर आली, खोटं बोलू नगं. आत्ता न्हाई म्हणत मी. आजारी मानसाला टाकून आली, आसं नगं. पर प्लास्टर निघालं की गाडी घेऊन येतो. हितं तुला काय कमी हाय? धरणाचं पाणी बघत बस, देव देव कर."

"बघू."

"बघू न्हाई. व्हय म्हण."

आतून सुदर्शनच्या खोकल्याचा आवाज आला. ती फोन घेऊन तुळशीपाशी गेली.

"व्हय," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी धूप फिरवताना तिने गुग्गुळाबरोबर कापूर आणि कडुनिंबाचा पाला टाकला. घरात आजारपण होतं. धूर दाट झाला. सुदर्शन भिंतीकडे तोंड करून पडला होता. ओला टॉवेल त्याने आजही मागून घेतला.

*

एकादशीच्या सकाळी ती आतली खोली झाडायला गेली. मांडणीच्या वरच्या फळीवर, डब्यांच्या झाकणांवर तो टॉवेल पसरलेला होता. शेजारी त्याची काठी. काल संध्याकाळी कपाळाला घेतलेला टॉवेल तिथे कसा गेला ते तिला कळेना.

"वलं फडकं लाकडावर नका टाकत जाऊ," ती म्हणाली. "फळी कुजंल."

"बरं," तो म्हणाला.

ती खाली वाकली. खालच्या फळीच्या कोपऱ्यात, जिथे खाटेवरून काठीही पोचत नव्हती, तिथे काचेची पेटी होती. त्यात तो सगळ्यांत मोठा कोळी. सुदर्शन त्या कोळ्याला म्हातारी म्हणायचा. घोडेगावकडे एका विहिरीचं काम करताना सापडलेली, त्याच्याकडची सगळ्यांत पहिली. अंजना तिच्याकडे कधी नीट बघत नसे. आज बघितलं. आठही पाय पोटाखाली मुडपून ती मातीवर पडली होती, आवळलेल्या मुठीसारखी.

केरसुणी हातात धरून अंजना तशीच उभी राहिली.

"अहो."

"व्हय. बघितलं मी पहाटं."

"काय झालं तिला?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. मग छताकडे. "वय झालं व्हतं."

तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की एक कमी झाला. ते मनात आलं तशी ती शरमली. केर तसाच टाकून देवापाशी गेली आणि समई तेवत असतानाही वात पुढे सारत बसली. जीव तो जीव, असं ती भाच्यांना सांगायची. मुंगीवरून पाय उचलून न्यायला लावायची.

त्याच्यासाठी भाकरी आणि पिठलं घेऊन ती परत आली. त्याने ताट बाजूला सारलं.

"भूक न्हाई. आन ऐक, दुपारी शफी येनार हाय. त्येला च्या दे."

*

शफी जुन्नरचा. सुदर्शनच्याच मालकाची दुसरी मशीन तो चालवायचा. आला तो छोटा हत्ती टेम्पो घेऊन, आणि मागे टोमॅटोचे रिकामे क्रेट रचलेले. अंजनाने दारातून क्रेट पाहिले, पण विचारलं नाही. तो आधी आत जाऊन बसला. दोघांचं बोलणं हळू आवाजात चाललं होतं. बाहेर आला तेव्हा त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ओट्यावर बसला.

"भाभी, च्या बिनसाखरेचा. साखर निघाली मला. आमची जोहराबी आता मोजून घास घालती."

तिने चहा आणून दिला. शफीने घोट घेतला, आणि त्याची नजर दाराच्या कडेला ठेवलेल्या धुपाटण्यावर गेली. त्यात कालची राख होती, कडुनिंबाची जळकी पानं होती.

"ह्ये आतल्या खोलीत नेता?"

"रोज."

"ह्ये दोन दिस बी?"

"रोज म्हणजे रोज."

त्याने कप खाली ठेवला. "आन त्यो काय बोलला न्हाई?"

"काय बोलायचं?"

शफीने आत पाहिलं, मग आवाज उतरवला. "आवो, ह्या जातीला धूर सोसत न्हाई. डासाची अगरबत्ती बी लावायची न्हाई त्यांच्याजवळ. जीव कोंडतो. म्हनून तर त्यो रोज सांजच्याला समदे डबे पडवीत काढतो. तुमाला म्हाईत न्हाई?"

अंजना दाराच्या चौकटीला टेकली. वरच्या फळीवरचा ओला टॉवेल तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्याच्या शेजारची काठी.

"मला परवा फोन केला," शफी सांगत होता. "म्हनला समदे घिऊन जा. मी म्हनलं, का रे, म्हातारीला बी? तर म्हनला, माझ्यानं उचलत न्हाई आन बायकूला थांब म्हनता येत न्हाई. मी गाडी आजच मिळवली बघा. काल आलो आस्तो तर..." तो थांबला. "जाऊ द्या."

"तुमी कुठं ठेवणार त्यांना?"

"मी? जोहराबी मलाच भाईर झोपवंल." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "शिवनेरीच्या अंगाला झाडीत सोडीन. जगलं तर जगलं. वर्सानुवर्सं डब्यात ऱ्हायल्यालं, त्येला आता बीळ कुठं खनता येतंय? पक्षीच टिपत्याल. पर त्येचा बी नेम मोडला भाभी, आन दुसरा उपाय न्हाई."

नेम हा शब्द तो सहज बोलून गेला. चहा संपवून उठला आणि गाडीकडे जाऊन क्रेट उतरवू लागला.

"शफीभाऊ," अंजना म्हणाली.

तो वळला.

"आज न्हेता यायचं न्हाई. आज एकादशी."

"मंग?"

"एकादशीला घरातलं जिवंत काय बी भाईर देत न्हाईत."

शफी क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. हातातला क्रेट त्याने पुन्हा गाडीत ठेवला. "तुमच्यात तसं आसंल तर न्हाई नेत. उद्या येऊ?"

"उद्या बारस. पारण्याच्या दिवशी तर न्हाईच."

"परवा?"

"परवा प्रदोष हाय."

"त्येच्या दुसऱ्या दिवशी?"

आयुष्यात तिने देवाच्या नावावर कधी पदरचं सांगितलं नव्हतं, आणि आता पुढचं कारण सुचेना.

"भाभी," शफी टोपी डोक्यावर चढवत म्हणाला, "तुमच्यात वाट मोकळी कवा आसती?"

"पंचांग बघून कळवते."

"कळवा. घाई न्हाई माझी." त्याने ओठ मिटून घेतले, पण डोळे हसत होते. जाण्याआधी म्हातारीला तेवढं घेऊन तो मागे गेला, आणि बांधाला हातभर खड्डा करून पुरून आला. अंजनाने त्याच्या हातांवर तांब्याने पाणी घातलं.

ती आत गेली तेव्हा सुदर्शन उशीवर कोपर टेकून अर्धवट उठलेला होता.

"आसं कुठं आसतं?" तो म्हणाला. "एकादशीला भाईर देऊ न्हाई?"

"आमच्याकडं आसतं."

"डिंभ्याला?"

"व्हय."

तिने सकाळचं ताट उचललं, आणि उचलून पुन्हा खाली ठेवलं.

"मला सांगायचं व्हतं की तुमी."

"काय?"

"धुराचं."

प्लास्टरच्या कडेचा एक सुटलेला धागा तो बोटाने ओढत राहिला. "ठरलं व्हतं ना. देवाच्या आड यायचं न्हाई." मग धागा सोडून म्हणाला, "आन तू ते बेल्ह्याचं सांगितलंस. त्येच्यावर काय बोलनार मानूस?"

बाहेर गाडी वळून रस्त्याला लागल्याचा आवाज आला.

"हात लावायचा न्हाई आसं ठरलं नसतं," अंजना म्हणाली, "तर मीच उचलून ठेवले असते पडवीत."

"उचललं आसतंस?"

तिने मांडणीकडे पाहिलं. वरच्या बरणीत एक कोळी काचेला पाय लावून उभा होता, प्रत्येक पायाच्या टोकाला गुलाबी, मांजराच्या तळव्यासारखं काहीतरी. तिच्या पाठीवर काटा आला.

"न्हाई," ती खरं बोलली.

तो हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. हसताना पाय हलला तसा कळवळलाही.

*

दिवेलागणीला तिने निखारे फुलवले. गुग्गुळ टाकला. स्वयंपाकघरात फिरवला, बाहेरच्या खोलीत फिरवला, आणि पावलं सवयीने आतल्या खोलीकडे वळली. उंबऱ्याशी ती उभी राहिली.

आत तो खाटेवर होता. दिव्याच्या उजेडात त्याचा चेहरा पिवळट दिसत होता. आजारी माणसाचा चेहरा. त्या दुसऱ्या खोलीतला, बेल्ह्याहून परतलेल्या पहिल्या यजमानांचा चेहराही तिने असाच दारातून पाहिला होता. दमले आहेत, झोपू दे, असं म्हणून धूप आत न नेता ती परत फिरली होती.

"ये," सुदर्शन म्हणाला. "ये, घाबरू नगं. खिडकी उघडू आज. चार घटकांनं काय व्हत न्हाई."

धूर उंबऱ्यावरून आत झुकू लागला. तिने धुपाटणं मागे घेतलं. मग उंबऱ्याच्या बाहेरच, छातीशी धरून, एकदा ओवाळल्यासारखं केलं आणि दार ओढून घेतलं. अंगणात जाऊन ते तुळशीपाशी ठेवलं. विझवलं नाही, आपोआप विझेपर्यंत तिथेच उभी राहिली. उसात काहीतरी खसखसलं तरी हलली नाही. मग हातपाय धुऊन आत आली.

"ऱ्हायलं गं," तो म्हणाला.

"उंबऱ्यावरनं दाखवला. देवाला भिंतीपल्याडचं दिसतं."

"दिसतं?"

तिने दाराजवळचं आपलं अंथरूण उचललं. दाराकडून त्याचे पाय दिसायचे, प्लास्टर दिसायचं. डोकं पलीकडे, मांडणीच्या बाजूला. ती खाटेला वळसा घालून गेली आणि खाट व मांडणी यांच्यामधल्या बोळात तिने अंथरूण टाकलं. जागा एवढी अरुंद होती की कुशीवरच झोपावं लागणार होतं. ती त्याच्याकडे तोंड करून आडवी झाली. मांडणीची खालची फळी पाठीला लागत होती.

"आगं, तिकडं का?" त्याने डोकं उचलून विचारलं.

"हितनं ऐकू येतं."

"काय?"

"झोपा तुमी."

त्याने गोळी घेतलेली होती. थोड्या वेळात त्याचे डोळे मिटले. दिवा तिने मालवला नाही, नुसता बारीक केला. घोंगडीची कड त्याच्या छातीवर वर जात होती, खाली येत होती. ती त्या कडेवर नजर ठेवून होती. मधेच श्वास लांबला, पुढचा येईना, तशी ती कोपरावर उठली, आणि तो आला तेव्हा हळूच पुन्हा टेकली. ओठांत नाम होतं, पण माळेकडे हात गेला नाही.

पाठीमागे इंगळीने प्लास्टिक खरवडायला सुरुवात केली. कानाच्या इतक्या जवळ की बाकी सगळं बुडून गेलं.

अंजनाने घोंगडीवरची नजर काढली नाही. एक हात मागे नेऊन, चाचपत, तिने बोटांनी डब्यावर टकटक केलं.

"गप गं," ती कुजबुजली. "ऐकू येत न्हाई मला."